सात दिवसांत दहा देवस्थानं? तमिळनाडूच्या बेताबद्दल सविस्तर

तुमचा बेत वाचला. दिवाळीच्या सुट्टीत, सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन, सात दिवसांत तिरुपती, कांची, तिरुवण्णामलै, चिदंबरम, तंजावर, श्रीरंगम, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमलंच तर तिरुवनंतपुरमचा पद्मनाभस्वामी. "सगळं बसेल का, की काही गाळावं?" असं विचारलंय. बसेल. ट्रॅव्हल्सवाले रोज बसवतात. पण परतल्यावर आईबाबांना इनोव्हाची मागची सीट तेवढी आठवेल.

माझं म्हणणं एवढंच की अर्धी यादी गाळा आणि उरलेली देवळं त्यांच्या वेळेने बघा.

आपल्याकडे देऊळ दिवसभर उघडं असतं, दुपारी एकला गेलं तरी गाभाऱ्यात डोकावता येतं. तिकडे बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चार वाजता उघडतात. देवाची ती विश्रांतीची वेळ. गुगल मॅपवर अंतर बघून "चिदंबरम ते तंजावर तीन तास, म्हणजे एकला पोचू" असा हिशेब केला की तीन तास बंद दारासमोर बसायची वेळ येते, तेही भर उन्हात आणि अनवाणी. दगडी फरशी दहा-अकरानंतर अशी तापते की तरुण माणसंही टाचांवर उड्या मारत सावली गाठतात. आईबाबांसाठी जाड सुती मोज्यांचे दोन-तीन जोड घ्या. मोजे घातलेले यात्रेकरू तिकडे सर्रास दिसतात. सकाळी सहा ते साडेदहा एक देऊळ, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर दुसरं देऊळ. हा क्रम पाळलात तर थकवा निम्म्यावर येतो.

आता हंगाम. दिवाळीचा आग्रह शक्य असेल तर सोडा. आपला पाऊस परततो तेव्हा तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ आणि कावेरीच्या खोऱ्यात नोव्हेंबर हा भरवशाचा महिना नव्हे. वादळ आलं की रामेश्वरची वाट आधी बंद होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलैला जाणाऱ्या काळ्या वस्त्रांतल्या अय्यप्पा भक्तांची गर्दी वाटेतल्या सगळ्या मोठ्या देवळांत असते. पोंगल उरकला की, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेर, हवा बरी आणि रांगा त्यातल्या त्यात छोट्या.

काय गाळायचं? तिरुपती स्वतंत्र करा. ती वेगळीच यात्रा आहे, तिथलं दर्शनाचं बुकिंग बाकीच्या सगळ्या तारखा ओलीस धरतं. कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमही पुढच्या खेपेला, केरळबरोबर. कांची आणि तिरुवण्णामलै सोडताना जीवावर येईल हे कळतं. पण तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगराची प्रदक्षिणा 14 किलोमीटरची आहे, आणि ती न करता नुसतं दर्शन घेऊन निघायचं तर मला ते अर्धवट वाटतं. उरलं काय, तर कावेरीकाठ, मदुराई आणि रामेश्वर. भरपूर आहे.

चेन्नई एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस घ्या आणि पहाटे कुंभकोणमला उतरा. मुक्काम तंजावरलाच हवा असं सगळे सांगतात, मी आधी कुंभकोणम सांगेन. गाव आटोपशीर, देवळं चालत जाण्याच्या अंतरावर, केळीच्या पानावर जेवू घालणाऱ्या मेस जागोजाग आणि पितळी पेल्यातली डिग्री कॉफी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी. बाबा चहाचे असतील तरी दुसऱ्या दिवशी स्वतःहून कॉफी मागतील. गावातलं महामहम तळं बघून घ्या. दर बारा वर्षांनी तिथे आपल्या सिंहस्थासारखी गर्दी लोटते. मागचा महामहम 2016 ला झाला, पुढचा 2028 ला.

दारासुरम गावापासून चार-पाच किलोमीटरवर, रिक्षाने जा. दुसऱ्या राजराजा चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं हे देऊळ आकाराने तंजावरपेक्षा बरंच लहान, पण कोरीवकाम जवळून बघायचं तर माझ्या मते तिन्ही मोठ्या चोळ देवळांत (तंजावर, गंगैकोंडचोळपुरम आणि हे) हेच पहिलं. पुढचा मंडप रथासारखा, त्याला चाकं आणि घोडे. बळिपीठाच्या पायऱ्या ठोकल्या की वेगवेगळे सूर निघतात असं म्हणतात, आता त्यांना जाळी लावली आहे. जोत्याच्या पट्टीवर वीतभर उंचीची शिल्पं आहेत. एकाच डोक्यात बैल आणि हत्ती दिसतो ते शिल्प शोधायला आईबाबांना सांगा. पाऊस होऊन गेला असेल तर आवारात पाणी साचतं, तेवढं ध्यानात ठेवा. जवळच्या स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळा आहेत. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, मग भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. एका साच्यातून एकच मूर्ती निघते, कारण ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो. विकत काही घ्यायची सक्ती नसते, पण कामाच्या वेळेला जा.

दुसरा दिवस चिदंबरम आणि गंगैकोंडचोळपुरमचा. पहाटे निघून चिदंबरम आठच्या आत गाठा. हे देऊळ सरकारी खात्याकडे नाही, पोदु दीक्षितर नावाचा पुजारी समाज ते चालवतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नटराजाच्या शेजारी एक पडदा आहे. तो बाजूला होतो तेव्हा मागे मूर्ती नसते, मोकळ्या जागेवर सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबताना दिसतात. पंचमहाभूतांपैकी आकाशतत्त्वाचं हे लिंग. याच आवारात गोविंदराज पेरुमाळ, म्हणजे विष्णूही आहे आणि दोन्ही दर्शनं जवळजवळ एकाच जागेवरून होतात. गोपुराच्या आतल्या भिंतींवर नाट्यशास्त्रातली 108 करणं, म्हणजे नृत्यमुद्रा, कोरलेली आहेत. लोक मान वर करून गोपुर बघतात आणि नेमकं हे बघायचं राहून जातं. नटराजासमोरच्या कनकसभेत जायचं तर पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं. तिकडे कुठेही पैशांसाठी ताट, वही किंवा पावतीपुस्तक समोर येईल. द्यायचं ते हुंडीत, म्हणजे दानपेटीत टाकायचं ठरवून जा, "वेंडाम" (नको) हा एक शब्द शिकून ठेवा आणि हसून म्हणा.

जेवून परत निघा आणि चारला गंगैकोंडचोळपुरमला पोचा. राजेंद्र चोळाचं सैन्य गंगेपर्यंत जाऊन आलं, त्या विजयाची ही राजधानी. आता उरलंय एक छोटं खेडं, हिरवळ आणि हे देऊळ. उत्तरेकडच्या जिन्यापाशी चंडेशानुग्रह शिल्प आहे. शिव पार्वतीसह बसलाय आणि पायाशी बसलेल्या भक्ताच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फुलांची माळ गुंडाळतोय. देवाची बोटं ज्या काळजीने माळ धरतात ती बघायला जवळ उभे राहा. या देवळाची बाहेरची तटबंदी गेली कुठे म्हणाल, तर 1836 च्या सुमारास इंग्रजांनी कोळ्ळिडम या कावेरीच्या फाट्यावर धरण बांधताना तिचे दगड नेले. कुंभकोणमकडे परतताना अणैकरैपाशी तुम्ही त्याच बांधावरून जाता.

तंजावरला मात्र एक पूर्ण दिवस आणि एक रात्र द्या. बृहदीश्वराला दोनदा जायचं, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या राजराजाने 1010 मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची उंची दोनशे फुटांच्या वर, आणि सगळा दगड ग्रॅनाइट. आपली बेसॉल्टमधली लेणी बघायची सवय असेल तर ग्रॅनाइटवर इतकं बारीक काम कसं केलं असेल याचा विचार करत राहाल. गाइड दोन गोष्टी हमखास सांगतील: शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, आणि माथ्यावर 80 टनांचा अखंड दगड आहे. सावली पडते, पाच वाजता स्वतः बघा. तो घुमटही अनेक तुकडे जोडलेला आहे असं अभ्यासक सांगतात. या भाकडकथांची गरजच नाही, खऱ्या गोष्टी जास्त भारी आहेत.

त्यातली एक दारातच आहे. बाहेरचा दरवाजा मराठा काळातला. तो आणि केरळांतकन् गोपुर ओलांडलं की राजराजन् गोपुरावर दोन प्रचंड द्वारपाल. एकाच्या गदेला सापाने वेढा घातलाय आणि सापाच्या तोंडात आख्खा हत्ती अर्धा गेलाय. हत्तीवरून सापाचा, सापावरून गदेचा आणि गदेवरून द्वारपालाचा आकार जोखायचा. आणि एवढा हा द्वारपाल हात आतल्या दिशेला करून उभा आहे. मग आतला देव केवढा, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी जोत्यावर. देवळाला चारी बाजूंनी तमिळ लेख गुंडाळलेला आहे. आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा, असा राजराजाचा हुकूम त्यात आहे. मग दागिने, दिवे, आणि देवळाच्या सेवेसाठी गावोगावच्या मंदिरांतून आणलेल्या 400 नर्तकींची नावं, कोणाला कोणत्या गल्लीत कितवं घर दिलं यासकट. हजार वर्षांपूर्वीचं हे आस्थापना रजिस्टर भिंतीवर उघडं पडलंय आणि लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात.

तिसरी गोष्ट आपली. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या तटाच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तंजावरात गादी स्थापली, ती 1855 पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये हा लेख कोरवून घेतला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. गाइड तिकडे क्वचितच नेतात, "मराठी इन्स्क्रिप्शन" म्हणून मुद्दाम विचारा. सकाळचं तिरपं ऊन असताना अक्षरं बरी लागतात. आवारातलं गणपतीचं देऊळही सरफोजींच्या काळात नव्याने उभं राहिलेलं. दुपारी देऊळ बंद असताना राजवाड्यात जा: सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय, दरबार हॉल आणि कलादालनातल्या चोळ कांस्यमूर्ती. त्या मूर्तींसाठी दीड तास हाताशी ठेवा, आईबाबांना बसायला बाकं शोधा.

एक करता आलं तर बघा. पंचांगात प्रदोष बघून तंजावरची संध्याकाळ त्या त्रयोदशीला येईल असा बेत बसवा. साडेचारच्या पुढे त्या अवाढव्य नंदीला अभिषेक सुरू होतो. दूध, दही, हळद, चंदन. काळा नंदी पांढरा होतो, पिवळा होतो, पुन्हा काळा. गर्दी खूप असते, पण ती जमिनीवर बसून घेणारी गर्दी आहे. आईबाबांना घडीचं स्टूल लागत असेल तर कडेला बसवा.

तिथून श्रीरंगम साठेक किलोमीटर. 156 एकरांचं आवार, सात प्राकार, आणि बाहेरच्या प्राकारांत चक्क बाजारपेठ आणि लोकांची घरं. दिसायला पुरातन वाटणारं 236 फुटी राजगोपुर 1987 मध्ये पुरं झालं, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. इथे चालणं फार आहे, व्हीलचेअर विचारून घ्या, लाजू नका. विशेष दर्शनाचं तिकीट आईबाबांसाठी घ्याच, तिथे तत्त्व सांभाळत बसू नका. जवळच्या तिरुवानैकावलला दुपारच्या पूजेच्या वेळी पोचलात तर पुजारी साडी नेसून, देवीच्या रूपात जंबुकेश्वराची पूजा करताना दिसेल. बाराची वेळ आहे, म्हणून श्रीरंगम आधी आणि हे नंतर.

मदुराईवर आधीच भरपूर लिहिलं गेलंय. मी एवढंच सांगतो की मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. 2022 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इतरही देवळांत हाच नियम आहे. बाहेर जमा करायचा, टोकन सांभाळायचं. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, "पोट्रामरै कुळम", म्हणजे सोन्याच्या कमळाचं तळं. ते सगळ्यांना सापडतं. रात्री देऊळ मिटताना सुंदरेश्वराला, म्हणजे शिवाला पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात, त्यासाठी हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या.

रामेश्वर. बावीस कुंडांचं स्नान सत्तरीच्या माणसांना मी सुचवणार नाही. ओल्या दगडावर ओल्या कपड्यांत कुंडामागून कुंड फिरायचं, वरून बादल्या ओततात, आणि ओल्या कपड्यांनी दर्शनाला सोडत नाहीत, म्हणजे गर्दीत कपडे बदलणं आलं. अग्नितीर्थावर, म्हणजे देवळाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर पाय भिजवून यावं, बाकी स्नान तुम्ही करा आणि पाणी त्यांच्या डोक्यावर शिंपडा. पहाटे पाचच्या सुमारास स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, ते मात्र चुकवू नका. इथले पूजा करणारे पुजारी परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतले, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. आईला हे आधी सांगून ठेवा. आणि घरात काशीयात्रा व्हायची असेल तर सेतूची वाळू बांधून घ्या, ती गंगेत सोडून तिथलं पाणी रामेश्वरला आणायचं असतं. म्हणजे पुन्हा एकदा यावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

परत येताना मदुराईहून विमान घ्या, पण सकाळचं नको. रामेश्वर ते मदुराई 170 किलोमीटर आहे आणि पांबनला समुद्रावरच्या पुलापाशी बाबा गाडी थांबवायला लावणारच.