बिलात ‘ओरिजिनल’, हेडमध्ये लोकल

प्रश्न : कोथरूडच्या एका गॅरेजात कारच्या हेडचं (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) काम केलं. बिल ४२,००० रुपये, त्यात ‘व्हॉल्व्ह, स्प्रिंगा – ओरिजिनल’ असं लिहिलंय. चार हजार किलोमीटरनंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) तुटून पिस्टनवर आदळला. दुसरा मेकॅनिक म्हणतो, माल लोकल आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘हेड घेऊन या, बघतो.’ नेऊ का?

उत्तर : मुळीच नेऊ नका. तुटलेला व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, व्हॉल्व्हचे लॉक, पिस्टन, सगळं न पुसता पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. एकदा ते त्याच्या भंगारात गेलं की तुमच्या हाती नुसतं बिल उरेल.

आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला पार्ट बसवणं बेकायदा नाही, चांगल्या कंपनीचा माल उत्तम चालतो. ओरिजिनलचे पैसे घेऊन दुसरंच बसवणं ही मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीत तेवढ्यावर थांबू नका, सेवेतली त्रुटीही मांडा. कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार : व्हॉल्व्ह तुटला कशानं? टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी ठेवला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, कड जळते आणि शेवटी तुकडा पडतो. तिथं ओरिजिनलही टिकला नसता, पण तो दोष बसवणाऱ्याचाच. स्प्रिंग कमजोर असेल तर जास्त आरपीएमला (इंजिन वेगात फिरताना) व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि पिस्टन त्याला गाठतो.

यातलं नेमकं काय झालं, हे मेकॅनिकच्या तोंडी मतावर सिद्ध होत नाही. परवानाधारक मोटर सर्व्हेअरकडून फोटो, पार्टवरचे नंबर आणि स्प्रिंगच्या मोजलेल्या उंचीसह लेखी अहवाल घ्या. गरज पडल्यास त्याच कायद्याच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग पार्ट सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

मग गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टानं १५ दिवसांची नोटीस द्या. त्यात त्या पार्टच्या खरेदीचं जीएसटी बिल मागा. खरा माल घेतलेला माणूस ते लगेच दाखवतो. उत्तर आलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीची मुदत, तिचं कारण घडल्यापासून २ वर्षं. बिलाची रक्कम, नव्या दुरुस्तीचा आणि टोइंगचा खर्च, मनस्तापाची भरपाई, सगळं मागा. व्हॉट्सॲपचे संदेश जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लावा.

त्याआधी ते संदेश स्वतः नीट वाचा. ‘लोकल टाका, पण स्वस्तात करा’ असं तुम्हीच कुठं लिहिलं असेल, तर ‘ओरिजिनल’चा मुद्दा लंगडा पडेल आणि सगळा भार चुकीच्या फिटिंगवर टाकावा लागेल.