श्वासातून पसरणाऱ्या आजाराची साथ सुरू असताना ५ वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ दाखवायला न्यावी का? (कोल्हापूर)

तुम्ही लिहिलंय की मुलगी ५ वर्षांची, १६ किलोची आहे. खालच्या दुधाच्या दाढेत खड्डा पडलाय, घास अडकतो, पण रात्री ठणकत नाही. मी लहान मुलांच्या दातांचंच काम करतो. न्या, फक्त आधी फोनवर एवढं विचारा: "मशीन न लावता करता येईल का?"

पालकांचं लक्ष डॉक्टरांच्या किटकडे (अंगभर संरक्षक पोशाखाकडे) असतं, पण खरी भीती फवाऱ्याची. एअरोटर (दात कोरायचं मशीन) आणि दात साफ करायचं स्केलर पाणी उडवत चालतात, त्या पाण्यात लाळ मिसळते आणि बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. हवा-पाण्याच्या पिचकारीची दोन्ही बटणं एकदम दाबली तरी तेच होतं. म्हणून साथीत दात कापसाने कोरडा करायचा. फवारा उडालाच नाही, तर पुढची निम्मी काळजी मिटते.

तुम्ही सांगताय तशा दाढेला बिनमशीनचे तीन मार्ग आहेत. खड्डा लहान असेल तर चमच्यासारख्या हत्याराने मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. भरताना लाळ लागली की ते निघून येतं, म्हणून कापूस वेळेवर बदलावा लागतो. दुसरा मार्ग ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. ओठांना व्हॅसलीन लावून थेंबभर औषध किडीवर मिनिटभर चोळतात, ६ महिन्यांनी पुन्हा लावतात. कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते. हे आधी सांगितलं नाही तर आठवड्याने आजी भांडायला येते!

दोन दातांच्या मधे कीड असेल तर माझी पसंती स्टीलच्या कॅपला. भूल नाही, कोरणं नाही. दातांमधे रबरी रिंग घालून ३ ते ५ दिवसांनी बोलवतात, मग सिमेंट भरलेली कॅप बसवून मुलीलाच चावून दाबायला लावतात. कॅप घशात जाऊ नये म्हणून तिला सरळ बसवतात. पहिले काही दिवस दात उंच वाटतो, २ ते ४ आठवड्यांत चावा जुळतो. मात्र रात्री ठणका, हिरडीवर पुवाची पुळी किंवा एक्स-रेत कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचलेली दिसत असेल, तर कॅप बसवून ती झाकू नये.

मशीन लावावंच लागलं तर रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा) आणि जोरदार सक्शन (लाळ-पाणी ओढणारी नळी) हवं. शिवाय खोलीतली हवा बदलत राहायला हवी. १० बाय १० बाय १० फुटांची खोली म्हणजे १,००० घनफूट. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर एक्झॉस्टने मिनिटाला २०० घनफूट ओढायला हवी. तेव्हा २३ मिनिटांत ९९ टक्के कण जातात. ६ वेळाच बदलली तर ४६ मिनिटं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे जुलैत पावसाची झड लागली की खिडक्या बंद होतात, तेव्हा तर एक्झॉस्ट आहे का हे विचाराच. आधीच्या पेशंटला मशीन लावलं असेल तर तेवढा वेळ बाहेर थांबा. शक्यतो सकाळची पहिलीच वेळ घ्या, एकाच पालकाने जा. औषधाच्या पाण्याने गुळण्या ५ वर्षांच्या मुलीला जमत नाहीत, ती गिळते. त्यापेक्षा कापसाने तोंड पुसून घेतलेलं बरं.

तोवर दुखलंच तर पॅरासिटामॉल, किलोला १५ मिग्रॅ. १६ किलोला २४० मिग्रॅ, दोन डोसांत ६ तासांचं अंतर. घोळ होतो तो बाटलीत: ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिल्याचे १० मिली आणि दुसऱ्याचे जेमतेम ४.८. लेबल वाचल्याशिवाय देऊ नका. लवंगेचं तेल हिरडीला लावू नका, भाजतं.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, लाळ गळू लागली, तर साथ-बिथ बघू नका. त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला गाठा.