आधी एलएल.बी. की एम.एस.डब्ल्यू.?

लातूरहून एका पालकांनी विचारले आहे की, समाजशास्त्रात बी.ए. झालेल्या त्यांच्या मुलीला तुरुंग आणि न्यायालयाशी निगडित सामाजिक काम करायचे आहे. त्यासाठी तिने आधी वकिलीचे शिक्षण घ्यावे का?

स.न.वि.वि.

मुलीला स्वतः खटले चालवायचे नसतील, तर तिने आधी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जामिनाचा अर्ज वकील करतो. मात्र जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आतच राहिलेल्या कच्च्या कैद्याचे (ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही) घर शोधणे, नातेवाइकांना बोलते करणे आणि जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सुटका मागण्यासाठी वकिलाला कागदपत्रे मिळवून देणे, ही धावपळ सामाजिक कार्यकर्त्याच्या वाट्याला येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून या क्षेत्रात आहे. देशातील तुरुंगांत 2022 च्या अखेरीस दर 4 बंद्यांमागे सुमारे 3 कच्चे कैदी होते, यावरून कामाचा आवाका ध्यानात यावा.

या क्षेत्रात खरा कस लागतो तो अहवाललेखनात. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि मुलाविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल बहुधा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सादर करतात. ‘मुलगा वाईट संगतीला लागला’ या वाक्याचा मंडळाला काहीच उपयोग नसतो. ‘वडिलांच्या अपघातानंतर आठवीत शाळा सुटली, गॅरेजमध्ये कामाला लागला, रात्री तेथेच झोपू लागला’ असे लिहिले, तर पुढे काय करता येईल याचा विचार सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, फाशीच्या शिक्षेचा प्रश्न असेल तेथे आरोपीची कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी खटल्याच्या टप्प्यावरच पुढे यावी, असा आग्रह धरला. ही माहिती जमवायची तर मुलाखतीचे तंत्र आणि संशोधनाची शिस्त लागते, एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यात आणि प्रबंधात (मुले ज्याला उगाच कंटाळतात!) नेमकी तीच अंगी बाणते.

पगाराबाबत मात्र भ्रमात राहू नये. संस्थांमधील बरीच पदे प्रकल्पापुरती किंवा कंत्राटी असतात. दोन-तीन वर्षे काम केल्यावर कायद्याची ओढ वाटली, तर तीन वर्षांची एलएल.बी. तेव्हाही करता येते.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन पॅरालीगल व्हॉलंटियर (विधी साहाय्याच्या कामातील स्वयंसेवक) म्हणून नाव नोंदवता येईल का, याची चौकशी करावी आणि शक्य झाल्यास आपणही एकदा तिच्यासोबत जाऊन यावे.