पेशीला ‘तणाव’ येत नाही

देवगडहून जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: पेशीचं पटल ओढलं गेलं की त्यावर येतो तो ताण, तणाव की प्रतिबल?

ताण. तणाव दोन देशांत येऊ दे, सासू-सुनेत येऊ दे, पेशीला नको. ‘पेशीभित्तीवरील तणाव’ असं हल्ली छापलेलं दिसतं तेव्हा माझं डोकं फिरतं. दोन शब्द, दोन्ही चूक. भित्तिका झाडांना, बुरशीला, जिवाणूंना असते. तुमच्या-माझ्या पेशींना नुसतं पटल.

आता खरी गंमत. जुन्या मराठीत तणावा म्हणजे तंबूचा दोर. मूळ अरबी ‘तुनुब’, तो फारसी ‘तनाब’ होऊन इकडे आला. ताण मात्र संस्कृत तन् धातूचा, तंतू आणि गवयाची तान यांच्या घरातला. लॅटिन ‘तेंदेरे’ त्याच कुळातलं, म्हणून ‘टेन्शन’ हे ताणाचं चुलत भावंड. आणि इंग्रजीतला ‘टेंट’सुद्धा! म्हणजे तंबू नात्यातला, त्याला ताणून धरणारा दोर तेवढा परका. हिंदीवाले सांगतील, ‘तनना’ला ‘आव’ लावून तनाव झाला, चढावासारखा. हिंदीत झाला असेल. मराठीत तनाबाच्या ‘न’चा ‘ण’ झाला तो ताणाच्या शेजारामुळे, हे माझं ठाम मत, कोणी कितीही कोश नाचवले तरी. (मालवणीतली ‘तान लागली’ यात ओढू नका, ती तहान, म्हणजे तृष्णा.)

प्रतिबल पारिभाषिक कोशातलं. पुलाच्या तुळईला ठीक, कारण ते क्षेत्रफळामागे मोजतात. पटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाड; त्यातली ओढ पृष्ठताणासारखी लांबीमागे मोजतात. ‘कोशात प्रतिबलच आहे’ म्हणून भांडणाऱ्यांनी आधी एकक बघावं.

आणि हा ताण पेशी नुसता सोसत नाही, तिला तो कळतो. जूनमध्ये खाडीत जोराचा पाऊस पडला की खारं पाणी गोडं होत जातं, जिवाणूच्या आत पाणी घुसतं, पटल तटतटतं. क्षेत्रफळ काही टक्क्यांपलीकडे वाढलं की ते फाटणार. त्याआधीच, त्याच ताणाने, पटलातल्या प्रथिनांची दारं उघडतात आणि आतले क्षार बाहेर पडतात. आपल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींची तऱ्हा वेगळी: त्यांच्या पटलाला बारीक खळगे असतात, ओढ बसली की ते सपाट होतात आणि पटलाला ढील मिळते.

आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने २०१० साली, उंदराच्या पेशी काचेच्या बारीक नळीने ढोसून ढोसून, ताणाने दार उघडणारं असं एक प्रथिन हुडकलं. २०२१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे तो याच कामासाठी. नाव ठेवलं ‘पिएझो’, ग्रीकातल्या ‘दाबणे’वरून. ओळखतं पटलाचा ताण, नाव मात्र दाबाचं! ग्रीकातच ‘तोनोस’ हाताशी होता, आपल्या तन्‌चा सख्खा. कोणाला सुचला नाही.