तीन इंचांचं कोटेशन आणि साडेपाच सेंटिमीटरचा हिशेब

प्रश्न: वय 28, नाशिकला अंबडच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. उंची 162.5 सेंमी, म्हणजे 5 फूट 4 इंच. दोन्ही मांड्यांची हाडं लांबवून 3 इंच उंची वाढवून देतो, असं परराज्यातल्या एका क्लिनिकने सांगितलंय. खर्च 12 लाख 50 हजार. माझी एफडी 4 लाख 50 हजारांची आहे, म्युच्युअल फंडात 3 लाख आहेत, उरलेले 5 लाख पतसंस्थेकडून 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेईन. हातात पगार 38,000, त्यातले 14,000 शिल्लक पडतात. दोन वर्षांत चार स्थळं उंचीवरून परत गेली. वडिलांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. या महिन्यात 50,000 टोकन भरलं तर सवलत मिळणार आहे. भरू का?

उत्तर: टोकन भरू नका. आता कारणं सांगतो. ती जरा लांबतील.

तुमचं पत्र वाचताना मला उंचीआधी बेरीज खटकली. साडेचार, तीन आणि पाच मिळून बरोब्बर साडेबारा. म्हणजे तुम्ही उभे करू शकता तो शेवटचा रुपयासुद्धा कोटेशनमध्ये गेला. घर बांधायला काढलेला माणूसही ठेकेदाराच्या आकड्यावर थोडं वर धरून चालतो. इथे तर बांधकाम तुमच्या मांडीत आहे.

आधी विकत काय मिळतंय ते पाहू. या शस्त्रक्रियेचं मूळ सोव्हिएत रशियातल्या कुर्गानचे डॉक्टर इलिझारोव यांच्या कामात आहे. हाड कापून त्याची दोन टोकं अगदी हळू एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं. लहानमोठे पाय, वाकडी हाडं, न जुळलेले फ्रॅक्चर यांसाठी ही पद्धत वरदान ठरली. उंचीसाठी ती वापरणं नंतरचं. पूर्वी बाहेरून कड्या आणि तारा असत, आता मांडीच्या हाडात सरकता खिळा बसवतात आणि तो बाहेरून चुंबकाच्या यंत्राने लांबवतात. वेग मात्र तोच, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, तोही तीन-चार हप्त्यांत. (हप्ता हा शब्द माझ्या, पैशांच्या सल्ल्याच्या धंद्यातला, पण इथेही चपखल बसतो.)

3 इंच म्हणजे 7.6 सेंमी. मांडीच्या हाडात 5 सेंमीपर्यंतची वाढ त्यातल्या त्यात निभावते. 8 सेंमी हे वरचं टोक धरतात, आणि तिथे जाताना प्रत्येक सेंटिमीटर आधीच्यापेक्षा महाग पडतो, पैशाने आणि शरीरानेही. कारण हाड वाढतं, पण स्नायू, शिरा आणि नसा ओढल्या जातात. गुडघा आखडतो, पायाला मुंग्या येतात. अशा वेळी शहाणा सर्जन ताणणं थांबवतो, मग भले 4 सेंमीच झालेले असोत. फी मात्र 3 इंचांचीच लागते. खिळा 8 सेंमीपर्यंत सरकतो म्हणून तुमच्या पदरात 8 पडतील असं नाही. मोटरसायकलच्या काट्यावर 160 लिहिलेलं असतं, म्हणून कुणी द्वारका चौकातून 160 ने जात नाही.

मी हिशेबाला साडेपाच सेंमी धरतो. तुमची उंची 168 होईल, म्हणजे 5 फूट 6 इंच. कोटेशनमधले 5 फूट 7 इंच विसरून जा. हात आणि धड होते तेवढेच राहतील, वाढ फक्त मांडीत.

आता खर्च. पहिली गोष्ट जीएसटी. दवाखान्यातल्या उपचारांना तो माफ असतो, पण कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर सूट मिळते, नुसती उंची वाढवायची तर 18 टक्के. तुम्ही पाठवलेल्या कागदावर कराचा उल्लेखच नाही. पूर्ण रकमेवर धरला तर 2,25,000.

मग पगार. साडेपाच सेंमीला ताणण्याचे 55 दिवस, त्याआधी आठवडाभर थांबणं. पण खरा वेळ त्यानंतर जातो. फटीतलं हाड आधी मऊ असतं, ते घट्ट व्हायला सेंटिमीटरमागे साधारण महिना-दीड महिना धरा. सध्याचे बहुतेक खिळे टायटॅनियमचे, तोवर शरीराचा पूर्ण भार पेलायला ते बनवलेले नाहीत. भार पेलणारा स्टीलचा एक खिळा आला होता, तो 2021 मध्ये बाजारातून परत मागवला गेला. तेव्हा आधी व्हीलचेअर, मग वॉकर, मग कुबड्या. ज्याचं काम टेबलाशी बसून चालतं तो लवकर रुजू होईल. तुम्ही आठ तास लाइनवर उभे असता. आठ महिने विनावेतन धरले तर 3,04,000 गेले, तेही कंपनीने जागा राखून ठेवली तर. एचआरला विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही.

फिजिओथेरपी हा या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित खर्च. ताणलेले स्नायू रोज मोकळे केले नाहीत तर मिळालेली उंची वाकलेल्या गुडघ्यांत जिरते. 800 रुपयांप्रमाणे 130 बैठका धरल्या, 1,04,000 झाले. एक्स-रेसाठी क्लिनिकजवळ तीन महिने खोली घ्यावी लागेल, तळमजल्यावरची, कारण सातपूरच्या तुमच्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. सोबत आई. राहणं, जेवण, प्रवास मिळून 75,000 मी हात आखडूनच लिहितोय. वर्ष-दीड वर्षाने खिळे काढायची दुसरी शस्त्रक्रिया, तिचे तुम्हाला सांगितलेले 1,50,000 वेगळे. आणि कर्जावरचं तीन वर्षांचं व्याज साधारण 1,15,000.

एकूण 22 लाख 23 हजार. क्लिनिकच्या कागदाप्रमाणे एक सेंटिमीटर 1 लाख 64 हजारांना पडत होता, माझ्या हिशेबाने तो 4 लाखांच्या वर जातो. आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तर.

सुरळीत पार नाही पडलं तर? कुणाचं हाड वेळेआधीच जुळून येतं आणि पुन्हा कापावं लागतं. कुणाचं जुळतच नाही, मग कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरतात. जंतुसंसर्ग होतो. दोन्ही मांड्यांच्या पोकळीत एकाच वेळी खिळे घालताना चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकण्याचा धोका क्वचितचा, पण जिवावर बेतणारा. इथे मेडिक्लेमकडे पाहू नका. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया हा आरोग्य विम्यातला ठरलेला अपवाद आहे, तुमच्या पॉलिसीतही आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतही. त्यातून उद्भवलेल्या दुखण्याचा क्लेम तरी मिळेल, या भरवशावर मी एक रुपयाही मांडणार नाही. म्हणून वेगळे 4 लाख हाताशी असल्याशिवाय या दाराशी जाऊ नये, असं माझं मत.

कर्जाचा हप्ता येतो 17,089. तुमची शिल्लक 14,000. म्हणजे अगदी कामावर असतानाही महिन्याला तीन हजार कमी पडतात, आणि बिनपगारी आठ महिन्यांत तर सगळाच हप्ता वाऱ्यावर. तो कोण भरणार हे पत्रात नाही, पण मला दिसतंय. वडील भरणार. त्यांची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मध्ये औषधांची उधारी, आणि माल व्यापाऱ्याने नेल्यावर पैसे येतील तेव्हा खरे. एक अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की तो पैसाही नाही. ज्यांना सांगितलेलंच नाही त्यांना तुम्ही जामीन करून ठेवलंय.

इथे बहुतेक सल्लागार हेच साडेसात लाख फंडात ठेवले तर किती होतील, याचं कोष्टक काढतात. मी काढत नाही. गंगापूर रोडच्या लग्नाच्या लॉन्सवर एका संध्याकाळीत याहून जास्त पैसे उडतात आणि त्यावर परतावा किती, असं कुणी विचारत नाही. तुम्हाला एखादी गोष्ट हवी असेल आणि तिचे पैसे तुमच्याकडे असतील, तर ती घ्यायला माझी परवानगी लागत नाही. माझी हरकत एवढीच, की पैसे नाहीत. कर्ज न काढता 21 लाख आणि हाताशी 4, असे 25 लाख लागतात. तुमच्याकडे साडेसात आहेत. महिन्याला 14,000 प्रमाणे उरलेले साडेसतरा जमवायला सव्वाशे महिने, म्हणजे दहा वर्षांच्या वर. पगारवाढ आणि परतावा धरून सहा-सात वर्षांवर येईल. तेव्हाही हवीशी वाटली तर बोलू.

स्थळांबद्दल एकच बोलतो, कारण तो माझा विषय नाही. वीस वर्षांत माझ्यासमोर आलेल्या बायोडाट्यांत उंची एखाद-दोन इंच फुगवलेली असते आणि पगार त्याहून जास्त. 5 फूट 4 ला नाही म्हणणारं घर 5 फूट 6 ला हो म्हणेल का, ते मला माहीत नाही. पण कर्जात बुडालेला, बिनपगारी, कुबड्यांवरचा मुलगा त्याच घराने पाहायला यावा, असं वेळापत्रक तुम्ही आखताय.

या आठवड्यात एवढं करा. पतसंस्थेतला अर्ज मंजुरीआधी मागे घ्या. क्लिनिकला लेखी विचारा: जीएसटी धरून रक्कम किती, ताणणं मध्येच थांबवावं लागलं तर परत काय मिळतं, पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर तिचे पैसे कोण देतं. उत्तर फोनवर आलं तर ते आलं नाही असं समजा. आपल्याच गावातल्या, या शस्त्रक्रियेत कसलाही हितसंबंध नसलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, त्यांची तपासणी फी या सगळ्या हिशेबातली सगळ्यात स्वस्त ओळ आहे. आणि तुमची 162.5 ही उंची दिवसाच्या कोणत्या वेळी मोजली ते बघा. दिवसभर उभं राहून मणक्यातल्या चकत्या दबतात, संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी जास्तच बुटका भरतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोजली असेल तर उद्या सकाळी उठल्याउठल्या भिंतीला टेकून पुन्हा मोजा. माझ्या दराने तो 4 लाखांचा फरक आहे.