थंडीतही पंखा लागतो तो वाऱ्यासाठी नाही

प्रश्न : आमच्या ह्यांना बाराही महिने पंखा लागतो. डिसेंबरची थंडी, गोधडी डोक्यावरून घेतलेली, तरी वर पंखा फुल्ल. मी कुडकुडते. बंद केला की पाच मिनिटांत हे जागे! मुलगी म्हणते मोबाइलवर व्हाइट नॉइज लावा. हे काय असतं नेमकं, आणि रोज लावलं तर चालतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्यांना वारा नकोच आहे, आवाज हवाय, आणि हा हट्ट वगैरे अजिबात नाहीये. झोपेत डोळे मिटतात पण कान चालूच असतात, आणि मेंदू एकसारख्या आवाजाकडे लक्ष देत नाही, आवाज बदलला की मात्र लगेच उठवतो. ज्यांच्याकडे अजून रात्री लाइट जाते त्यांना हे पक्कं माहितीये, जानेवारीत सुद्धा, उकडत नसताना, पंखा थांबला की अख्खं घर जागं होतं. काहीच वाजलेलं नसतं, उलट वाजणारं थांबलेलं असतं.

आता असं बघा, खोली एकदम शांत आहे, समजा 30 डेसिबल (आवाज मोजायचं माप), आणि खाली कुत्रं भुंकलं 60 ला, तर उडी झाली 30 ची. पंखा 45 वर घरघरत असेल तर तीच उडी 15 ची राहते, आणि बरेचदा तेवढ्याने जाग येत नाही. भुंकणं कमी झालेलं नाही, फक्त त्याच्या खालची जमीन वर आलीये. व्हाइट नॉइजचं सगळं काम एवढंच आहे.

व्हाइट का म्हणतात, तर पांढऱ्या उजेडात जसे सगळे रंग मिसळलेले असतात तसे ह्या आवाजात माणसाला ऐकू येणारे सगळे स्वर, साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत, सारख्या जोराने असतात. जुन्या टीव्हीवर केबल निघाली की मुंग्या यायच्या आणि खर्रर्र व्हायचं, तो आवाज आठवा, बराचसा तसाच. पंखा किंवा पत्र्यावरचा पाऊस त्याहून जाड, कानाला मऊ, म्हणजे पिंक नाहीतर ब्राउन नॉइजच्या जवळ जाणारा. (ब्राउन म्हणजे तपकिरी नाही बरं का, रॉबर्ट ब्राउन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता त्याच्यावरून नाव आहे.)

तुमच्या घरापुरता सोपा उपाय सांगते. छोटा टेबलफॅन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवा, आवाज त्यांना मिळेल आणि वारा तुम्हाला लागणार नाही. 1962 साली अमेरिकेत जिम बकवॉल्टर ह्यांनी झोपेसाठी जे मशीन काढलं त्यात पण मूळ गोष्ट डब्यात बसवलेला छोटा पंखाच होती. मोबाइलच हवा असेल तर ऑनलाइन व्हिडिओ लावू नका, मध्येच जाहिरात वाजते आणि दोघंही दचकून उठता, फाइल डाउनलोड करून ठेवा. मोबाइल उशीखाली नको, लांब टेबलावर ठेवा, आणि आवाज इतकाच की त्यावर साध्या आवाजात बोललेलं कळेल. एवढ्यावर रोज लावलं तरी मोठ्या माणसाला काळजी करण्यासारखं काही नाही.

पण हे निद्रानाशाचं औषध नाहीये, हेही सांगितलंच पाहिजे. 2021 मध्ये 38 अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा कच्चाच निघाला, काहींना फायदा, काहींची झोप उलट बिघडली. आणि डीजे किंवा ढोलाच्या प्रॅक्टिसवर तर हा उपाय अजिबात करू नका, तो बास, म्हणजे धडधडणारा जाड आवाज, भिंतीतून येतो, त्याला झाकायचं म्हणजे कानाला इजा होईल इतका आवाज खोलीत करावा लागेल. तिथे तक्रारच करा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि राहत्या भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, हा आपला हक्क आहे.

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं आहे. सासूबाई मांडीवर घेऊन शूऽ शूऽ करत थोपटतात. नवऱ्याने हेअर ड्रायरच्या आवाजाचं ॲप घेतलंय, मोबाइल पाळण्यातच ठेवतो, फुल्ल व्हॉल्यूम, रात्रभर. बाळ झोपतं पण मला भीती वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची भीती बरोबर आहे, आज रात्रीपासूनच मोबाइल पाळण्यातून काढा, प्लीज.

सासूबाई जे करतायत ते व्हाइट नॉइजच आहे. 'श'चा आवाज तोंडाने करून बघा, त्यात सूर नसतो, नुसता एकसारखा फुसफुसाट असतो, आणि पोटात असताना बाळ आईच्या रक्तप्रवाहाची सळसळ ऐकतच असतं त्यामुळे त्याला तो ओळखीचा वाटत असणार. उपयोग होतो हे नक्की. 1990 मध्ये लंडनला 2 ते 7 दिवसांच्या 40 बाळांवर प्रयोग झाला, व्हाइट नॉइज लावलेल्या 20 पैकी 16 बाळं पाच मिनिटांत झोपली, न लावलेल्या 20 पैकी फक्त 5. पण सासूबाईंचं शूऽ कधीच फार मोठं होत नाही आणि बाळ झोपलं की आपोआप थांबतं, ॲप थांबत नाही, फरक हा आहे.

2014 मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी बाळांसाठीची 14 मशीन फुल्ल आवाजावर मोजली. 30 सेंटिमीटरवर म्हणजे पाळण्याच्या कठड्याइतक्या अंतरावर तीन मशीन 85 डेसिबलच्या वर गेली, कारखान्यात तेवढ्या आवाजात आठ तास काम करायचं तर कानांना संरक्षण द्यावं लागतं. आणि त्याच्या आधी 2003 मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांच्या पिल्लांना सतत अशा आवाजात वाढवलं तर त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग उशिरा तयार झाला. उंदीर म्हणजे आपलं बाळ नाही, पण मी माझ्या घरातल्या बाळाच्या बाबतीत तरी ही रिस्क घेतली नसती.

लावायचंच तर मोबाइल पाळण्यापासून किमान 2 मीटर लांब, व्हॉल्यूम अगदी कमी, आणि बाळ झोपलं की बंद. दिवसा तर नकोच. दिवसा त्याला तुमचं बोलणं, भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, कावळा, सगळं ऐकू दे, भाषा त्यातूनच शिकायचीये त्याला. नवऱ्याला रागावू नका, त्याला बाळाची झोप हवी होती एवढंच, हे वाचायला द्या.

प्रश्न : बारावीला आहे. अभ्यासाला ब्राउन नॉइज चांगला की गाणी?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : शब्द असलेली गाणी नकोत, आपण ऐकत नाही म्हटलं तरी मेंदू शब्द पकडतोच, घरच्यांचं बोलणं पण त्याचमुळे जास्त त्रास देतं. नॉइजने ते बोलणं पुसट होतं, म्हणून फायदा. पण सगळ्यांना नाही, 2007 च्या एका स्वीडिश अभ्यासात एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त, अशी अडचण) असलेल्या मुलांचं पाठांतर व्हाइट नॉइजमध्ये सुधारलं आणि बाकीच्यांचं घसरलं. आठवडाभर दोन्ही प्रकारे अभ्यास करून बघ. इअरफोन घालून तासन् तास नको, स्पीकर वापर. आणि सराव पेपर शांततेतच सोडव, परीक्षेच्या हॉलमध्ये ब्राउन नॉइज नसणार.

प्रश्न : वय 66. उजव्या कानात वर्षभर शिट्टी वाजते, रात्री जास्त. व्हाइट नॉइजने जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, जाणार नाही, पण त्रास बराच कमी होऊ शकतो. रात्री जास्त वाटतं कारण तेव्हा बाकी सगळं शांत होतं आणि शिट्टी एकटी उरते. हलका आवाज लावायचा, शिट्टी पूर्ण झाकेल इतका नाही, दोन्ही ऐकू येतील आणि शिट्टी त्यात थोडी मिसळेल इतका. पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही, आणि सवय होणं हाच खरा उपाय आहे. ऐकू कमी येत असेल तर कानाला लावायच्या श्रवणयंत्राने बरेचदा शिट्टी पण कमी होते.

पण तुम्ही लिहिलंय 'उजव्या कानात'. एकाच कानात आहे म्हणून आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, वर्ष झालंय, अजून थांबू नका. शिट्टी नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा. आणि कुणालाही एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा, त्यात उपचाराला थोडेच दिवस हातात असतात. रिपोर्ट आला की मला परत लिहा.