फी माफ झाली, मग खानावळीचं काय?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सीईटीचे पर्सेंटाइल कळले, फार आनंद झाला. काल तुझ्या बाबांचा फोन होता. म्हणाले, “सर, आता मुलींना सगळं मोफतच झालंय ना?” फोनवर मी हो-नाही करत राहिलो, म्हणून सविस्तर लिहितोय. त्यांनाही वाचून दाखव.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (म्हणजे मराठा) आणि ईडब्ल्यूएस (म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तू त्यात बसतेस. पण माफी आहे ती फक्त या दोन शुल्कांची. विकास शुल्क, अनामत, खोलीभाडं, मेस, बसचा पास यातलं काहीही त्यात येत नाही. मुली शिक्षण अर्धवट सोडून परत येतात ते बहुतेक वेळा याच खर्चापायी. आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी बरीच वर्षं माझ्याकडे होती. फी कुठून भरू हे विचारायला पालक रांग लावायचे. वर्षभर पोरगी जेवणार कुठे, हे विचारणारा विरळाच.

पसंतीक्रम भरताना एक सांभाळ. ही माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस, किंवा अभिमत (डीम्ड) अथवा खासगी विद्यापीठात नाव घातलंस, तर माफी विसरायची. अशा ठिकाणचे एजंट सध्या घरोघरी फोन करताहेत. ‘स्कॉलरशिप बसवून देतो’ म्हणणाऱ्याला शासन निर्णय दाखवायला सांग, बोलणं तिथेच संपेल.

पसंतीक्रमाच्या यादीत प्रत्येक कॉलेजच्या शाखेला एक चॉइस कोड असतो, त्यातल्या काहींच्या शेवटी टी दिसेल. ती टीएफडब्ल्यूएसची जागा, म्हणजे मंजूर जागांपेक्षा वरच्या पाच टक्के, शिक्षण शुल्क माफ असलेल्या. कटऑफ चढा असतो आणि तुला फी तशीही माफ आहे, त्यामुळे त्याच्या मागे लागू नकोस. तुझ्या भावाच्या वेळी मात्र हा टी आठवणीने बघा. मुलगा असल्यामुळे त्याला नेहमीच्या जागेवर निम्मीच फी मिळेल.

कॉलेजात गेलीस की फीची फोड लेखी माग. शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, ‘इतर’ म्हणजे नेमकं काय. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी संकेतस्थळावर असते, ती शेजारी ठेवून वाच. शिष्यवृत्तीला पात्र मुलीकडून माफ असलेली रक्कम आधी भरून घेता येत नाही. खिडकीवरचा माणूस ‘आधी भरा, नंतर परत मिळेल’ म्हणाला तर भांडू नकोस. हेच लेखी द्या म्हण. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

आता राहण्या-जेवणाचं. यात आपल्याकडे वाटा आहेत, पण जो तो आपापल्या खात्याची तेवढीच सांगतो, म्हणून मी एकत्र सांगतो. पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाला. तिथे जागा मिळाली नाही तर ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’. ही ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा इथे अडीच लाख, आठ नव्हे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. जागा मोजक्या, निवड गुणांवर. अनुसूचित जातीच्या मुलांना अशीच ‘स्वाधार’, आदिवासी मुलांना ‘स्वयम्’ आणि मराठा व खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तुझ्या मैत्रिणींना हे कळव, त्यांच्या घरी कोणी सांगितलं नसेल.

सरकारी नसलेलं एक दार पुण्यात आहे, विद्यार्थी सहाय्यक समितीचं वसतिगृह. खेड्यातल्या मुलामुलींना तिथे अगदी कमी खर्चात राहता येतं, पण मुलाखत होते आणि राहणाऱ्यांना कामंही वाटून दिलेली असतात. जमलं तर मला ते सगळ्यात आवडेल. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना तुझ्या कॉलेजात आहे का, तेही विचार. ग्रंथालयातले दोन-तीन तास आणि मेसच्या बिलाला थोडा हातभार, एवढाच हिशेब. त्यावर घर चालवायला जाऊ नकोस.

यातलं कुठलंही अनुदान वेळेवर येईल असं धरू नकोस. वर्ष सरता सरता येतं, कधी त्याही पुढे. पहिल्या सहा महिन्यांच्या मेसचे पैसे बाबांनी सोयाबीन विकून आले की बाजूला काढावेत, ट्रॅक्टरच्या हप्त्याच्या आधी.

कागदांबद्दल. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, तोही चालू वर्षाचा. नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे ओबीसी सवलतीसाठी लागणारा दाखला काढताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. शिष्यवृत्तीला मात्र सगळं धरतात. या दोन आकड्यांत घोळ होऊन अर्ज अडकतात. जातवैधता हातात आहेच, ती जपून ठेव.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करताना मोबाइल नंबर तुझा स्वतःचा टाक, नेट कॅफेवाल्याचा नको. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडून खात्याकडे जातो आणि वाटेत कुठेही ‘सेंड बॅक’ होतो. कधी दाखला पुसट, तर कधी आधारवर ‘सुनीता शंकर’ आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनिता शंकरराव’. त्याचा एसएमएस कॅफेवाल्याला गेला तर तुला कळणार कुठून? दर आठवड्याला लॉगिन करून बघ. पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. शाळेत असताना उघडलेलं ते जुनं खातं बंद पडलंय का, हे आत्ताच बँकेत जाऊन विचार. आणि दरवर्षी रिन्युअल करायचं असतं. दुसऱ्या वर्षी ते विसरणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात.

एवढं करून जी तूट उरेल, तेवढंच कर्ज. चार लाखांपर्यंत बँकेला तारण लागत नाही, पण बाबा सहकर्जदार असतील, म्हणजे सही त्यांची आणि जबाबदारीही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत शिकत असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन असायला हवं, ते बघून घे. २०२४ ची पीएम-विद्यालक्ष्मी निवडक संस्थांसाठीच आहे आणि तिची तीन टक्के व्याजसवलत इतर सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्यांना मिळत नाही, तेव्हा तुझी माफी सांभाळून मगच तिचा विचार. बऱ्याच बँका मुलींना अर्धा टक्का व्याज कमी लावतात, मागून घ्यायचं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावायचा नाही. त्यावर चर्चाही नको.

सोमवारी आधी तलाठ्याकडे जा, मग सेतूत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाक. दाखला हातात आला की फोटो पाठव, पसंतीक्रमाची यादीही पाठव. आकडा आणि नावाचं स्पेलिंग मी तपासून देतो, मगच फॉर्म लॉक कर.

तुझे,
सर